मार्व्याच्या धक्क्यावरचा ठिपका

हे आजवर कोणापाशी बोललो नाही. बोललो, तर माझी चारचौघांत जी प्रतिमा आहे — तिचं काय करायचं?

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत गेटवर नवं ॲप आलं. येणाऱ्याचा फोटो, नंबर, कोणाकडे, कशाला — सगळं त्यात. सेक्रेटरींनी फीत कापली. ॲपची फीत! मी सभेत उठून विचारलं, "पाहुणा आहे की पार्सल?" टाळ्या पडल्या. "काका, झकास बोललात!" मग माणसाच्या खाजगीपणावर मी बराच वेळ बोललो.

आणि तेव्हा माझ्या खिशातल्या मोबाइलवर माझी बायको निळा ठिपका होऊन फिरत होती.

शैलाचा नवा फोन मीच सुरू करून दिला होता. लोकेशन शेअर करायचं बटणही मीच दाबलं — तिला न सांगता. काळजीपोटी? असं मी स्वतःला सांगायचो. दर गुरुवारी ती कांदिवलीला बहिणीकडे, सुमनकडे जाते म्हणून निघायची. ठिपका मात्र कांदिवलीला थांबायचाच नाही. थेट मालाडला, मार्व्याच्या धक्क्यावर. एकदा रिक्षा करून मागोमाग गेलो. ती खाडीकडे तोंड करून बसली होती. उकडलेल्या शेंगा खात. एकटी. सोबत कोणी असतं, तर निदान रागावता आलं असतं. ती फक्त माझ्यापासून लांब बसली होती — आणि मजेत होती.

मी तिला न दिसताच परत फिरलो. पण थंडीतल्या एका गुरुवारी तोंडातून निसटलं, "शाल घे गं, धक्क्यावर वारा असेल."

चप्पल घालता घालता ती थांबली. "धक्क्यावर? तुम्हाला कोणी सांगितलं?"

तेव्हा मोबाइल पुढे करता आला असता ना? मी म्हणालो, "सुमननं."

पहिलं तेच नाव आलं. धक्क्याचं फक्त सुमनलाच ठाऊक होतं, हे मला शैलाचा चेहरा पाहून कळलं.

"तिला एवढं एकच सांगितलं होतं मी," ती म्हणाली, आणि चप्पल काढून ठेवली.

सुमननं फोनवर शपथा घेतल्या. "वर खोटं बोलतेय," म्हणत शैलानं फोन ठेवला. मी शेजारीच पेपर वाचत होतो — म्हणजे धरून बसलो होतो. माझं एक वाक्य पुरलं असतं.

गुरुवारी ती आता कुठेच जात नाही. सुमनचा फोन अधूनमधून वाजतो. शैला तो पालथा घालते. मी आतल्या खोलीत जाऊन माझा मोबाइल उघडतो. तिचा ठिपका, माझा ठिपका — एकमेकांवर बसलेले, वेगळे दिसतसुद्धा नाहीत.

ते बटण मी अजून बंद केलेलं नाही.