मिस्त्रींचा कान

उद्यमनगरातल्या आमच्या लेथवाल्या मिस्त्रींना गाण्यातलं काही कळत नाही, हे ते स्वतःच सांगतात. पण कुठलीही सळई लेथवर चढवण्याआधी ते ती दोन बोटांत लोंबती धरतात, पान्याने टक्कन वाजवतात आणि मान तिरकी करून ऐकतात. तरुणपणी ते फौंड्रीत होते. तिथे ओतकामातली चीर अशी आवाजावरूनच ओळखायचे.

आडवी ठेवून वाजवतात त्या माझ्या पेडल स्टील गिटारची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी झिजली, तेव्हा मी त्यांच्याकडेच गेलो. "ॲल्युमिनियमची करा, हलकी होईल," मी म्हणालो. त्यांनी केली, अगदी आरशासारखी. ती बसवून मी तार छेडली, तर सूर पटकन विझला. खरं सांगायचं तर मला तेवढं चाललं असतं.

"मुकी हाय ही," मिस्त्री म्हणाले, आणि दोन दिवसांचं काम त्यांनी भंगारात टाकलं. मग एका जुन्या शाफ्टचं पोलाद वाजवून बघितलं. "आता दम धरा की, मास्तर."

गेल्या महिन्यात आमच्या ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला ते शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांची पोलादी पट्टी बसवलेल्या गिटारवरच्या माझ्या वादनाला टाळ्यांचा कडकडाट झाला. मी फुशारून बाहेर आलो, तर हे कपाळाला आठ्या घालून उभे.

"आवडलं न्हाय व्हय?" मी विचारलं.

"लोकांनी टाळ्या लवकर वाजवल्या," ते म्हणाले. "शेवटची तार अजून वाजत हुती की."