हळदीकुंकू लागलेली डिस्क

रिसोड रस्त्यावरच्या एका बियाणे कारखान्यात आठवड्यातून दोनदा जाऊन मी तिथल्या संगणकांची राखण करायचो. सर्व्हरवर सगळ्यात मोलाची होती एक यादी: सोयाबीनचा कोणता लॉट उगवण चाचणीत पास आणि कोणता नापास. पूर्वी नापास पोत्यांवर गेरूचा पट्टा ओढायची रीत होती. ती मीच बंद पाडली. "स्क्रीनवर लाल दिसते ना ताई, मंग हात कायले भरवता?" असं प्रयोगशाळेतल्या ताईंना मोठ्या ऐटीत म्हणालो होतो.

यादीची नक्कल ठेवायला मी मालकांना, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, वेगळी हार्ड डिस्क घ्यायला लावली. बजावलंही होतं, की नक्कल झाली की वायर काढायची आणि डिस्क कपाटात ठेवायची. जोडलेली राहिली तर नेटवर्कमध्ये शिरलेला चोर तीही सोडणार नाही. काकांनी ती अक्षय्य तृतीयेला आणली, पाटावर ठेवली, हळदीकुंकू लावलं, फूल वाहिलं. तिचा निळा दिवा लुकलुकत होता. नक्कल झाल्यावर मी वायरला हात घातला तसे काका म्हणाले, "राहू दे रे. सनाच्या दिवशी लागलेला दिवा इझवतेत का कोनी?"

मी हात मागे घेतला आणि वर डिस्कला नमस्कारच केला. म्हटलं, पुढच्या खेपेला काढू. पुढच्या खेपेला फूल वाळलं होतं, दिवा चालूच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. काकांची श्रद्धा, कशाला वाईटपणा घ्या! भिडस्त माणसाला सुरक्षेचं काम देणं म्हणजे राखणीला मुका कुत्रा पाळणं. महिनाभर मी त्या दिव्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

पेरण्या तोंडावर आल्या आणि एका सोमवारी सकाळी कार्यालयातल्या कारकुनाने ओळखीच्याचा समजून एक ईमेल उघडला. तासाभरात सगळ्या फायलींना कुलूप लागलं. पडद्यावर खंडणी मागणारी इंग्रजी चिठ्ठी. मी पोचलो तो थेट डिस्कपाशी गेलो. तिच्यातही तेच.

फाटकाशी शेतकऱ्यांची रांग होती. काकांनी विचारलं, "समोरच्या थप्पीतलं देऊ का?" खरं उत्तर एकच होतं, मला ठाऊक नाही, फाटक बंद करा. पण डिस्कचा विषय निघू नये म्हणून मी घाईघाईने म्हणालो, "समोरची पासच असन." त्या रांगेत माझे बाबाही होते, आमच्या किन्हीराजा गावाहून आलेले. त्यांनी लांबूनच मला हात केला आणि तीन पोती घेऊन गेले.

दुपारी ताईंना हे कळलं. "अंदाजानं बी देतेत का?" म्हणत त्यांनी फाटक बंद करायला लावलं. उगवण पुन्हा तपासायला प्रत्येक लॉटचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. मग मला काकांना डिस्कचं सांगावंच लागलं.

"तुले दिसत होतं ना?" काका म्हणाले. "मंग महिनाभर बोल्ला काहून नाही? म्या का तुले खाल्लं असतं?"

बाबांना फोन करून थांबा म्हणावं, असं त्या आठवड्यात रोज वाटायचं. रोज स्वतःला समजवायचो, आधी गोणपाट तर उघडू दे, उगाच कशाला घोर लावा. फोन काही केला नाही.

पाचव्या दिवशी समोरच्या थप्पीचं गोणपाट उघडलं. शंभरातले एकतीस दाणे उगवले होते. ताईंनी दोनदा मोजले. मग गेरू कालवला आणि वाटी घेऊन थप्पीकडे गेल्या.

काका फाटकावरच्या वहीतून त्या दिवशी बी नेलेल्या एकेकाला फोन लावू लागले. एका नावाशी थांबले आणि वही माझ्याकडे सरकवली. "हा तू लाव."

बाबांनी लगेच उचलला.

"बाबा, बी पेरलं का?"

"कालच झालं. तुह्या कारखान्याचं बी म्हनून घरी उगवन पाह्यलीच नाही. काहून रे?"