कॅमेऱ्याला कुंकू

“कोणता कॅमेरा घेऊ?” असं कुणी विचारलं की देवधरसर म्हणायचे, “हात बघू.”

समोरचा माणूस गोंधळून तळवे पुढे करायचा. सर ते ज्योतिष्यासारखे उलटसुलट करून बघायचे, बोटं दाबायचे आणि मग दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात काहीतरी मनाला लागेल असं बोलायचे. एका जाड्या मुलाला ते म्हणाले होते, “ही बोटं वडापावसाठी केलीत देवाने. एक बटण दाबायला जाशील, तीन दाबली जातील.” मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझे हात बघून म्हणाले, “भाकऱ्या थापतेस ना घरी? थापत राहा. त्यात पोट तरी भरतं.”

“हो सर, थापते,” मी म्हणाले. त्यावर ते हसले आणि त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

पनवेलच्या टपाल नाक्याजवळ त्यांचं छोटं दुकान होतं. जुने कॅमेरे दुरुस्त करायचे, विकायचे आणि लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. मी उरण रस्त्यावरच्या गावातून आलेली. बाबा ट्रेलर चालवतात, आई घर आणि शेताचा उरलेला तुकडा बघते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. फोटोग्राफीचा विषय घेतला होता आणि त्याला स्वतःचा कॅमेरा लागणार होता. रात्रंदिवस व्हिडिओ बघून मी तीन डीएसएलआरची नावं पाठ केली होती. कर्नाळ्याचे पक्षी टिपायचे म्हणून मोठी झूम लेन्सही ठरवली होती.

“कर्नाळ्याचे पक्षी तुझी वाट बघत बसलेत का?” सर म्हणाले. “घरातल्या माणसाचा फोटो कधी धड काढलायस? नाही ना? मग पक्ष्यांना सुखाने जगू दे.”

त्यांनी कपाटातून दोन वापरलेले डीएसएलआर काढले. दोन्हींच्या कंपनीच्या नावावर काळी चिकटपट्टी मारली होती. दोन्हींना सारखीच साधी, झूम नसलेली लेन्स. म्हणाले, “बाजारात जा. दोन्हींनी काढ. नाव वाचून प्रेमात पडायचं नाही.” मी भाजीवाल्या, रिक्षा, उसाच्या रसाचा चरक असं काय काय काढून आणलं. सरांनी एकेक फोटो मोठा करून बघितला आणि मान हलवली.

“दोन्हीतले फोटो वाईट आहेत. पण यातले तुझ्यासारखे वाईट आहेत. त्यातले कुणासारखेही वाईट आहेत. हा घे.”

इतक्या वाईट शब्दांत मला कुणी आजवर इतकं नीट बघितलं नव्हतं. म्हणून मी त्यांच्याकडे जात राहिले.

त्यांचा क्रूरपणा माझ्या एकटीपुरता नव्हता. एकदा बँकेतून निवृत्त झालेले एक काका बायकोला घेऊन आले. त्यांना नवा छंद लावून घ्यायचा होता. सरांनी हात मागितले. काकांची बोटं थरथरत होती. सर म्हणाले, “काका, थरथर लपवून लपत नाही, फोटोत उतरते. कॅमेरा वहिनींकडे द्या आणि तुम्ही पिशवी धरा.” दुकानातली मुलं फिदीफिदी हसली. काका तळहात बघत उभे राहिले आणि मग बायकोनेच त्यांना हळूच दंडाला धरून बाहेर नेलं. सर मला म्हणाले, “आज वाईट वाटेल. कॅमेरा घेऊन वर्षभर रडण्यापेक्षा बरं.” गंमत म्हणजे त्यांचं म्हणणं खोटं नसायचं. फक्त ते ऐकायला दुकान भरेपर्यंत ते थांबायचे.

बाबा कॅमेऱ्याला तयार झाले ते सरांच्या एका शब्दावर. सर म्हणाले होते, “हळदीचा सीझन येतोय. माझ्याबरोबर दुसरा कॅमेरा धरायला ये. पहिली हळद आपटा गावात.” आमच्याकडच्या हळदी म्हणजे गावजेवण, डीजे, पहाटेपर्यंत नाच. फोटोवाल्याला काम भरपूर. बाबांनी मला स्पष्ट सांगितलं, “सर कामाला नेतात तर हा विषय शिक. नायतर दुपारची नोकरी बघ.” तेव्हा सगळं त्या आपट्याच्या हळदीवर होतं.

कॅमेरा घरी आला त्या दिवशी आईने पाट मांडला. आमच्याकडे नवी वस्तू पुजल्याशिवाय वापरत नाहीत. बाबांचा ट्रेलर आला तेव्हा चाकापुढे नारळ फुटला होता. आई म्हणाली, “दोन वस्तू हाय ना? दोन्ही उघड्या ठेव. देवाला दिसू दे.” मी लेन्स काढली, कॅमेऱ्याशेजारी ठेवली. आईने हळद वाहिली, अक्षता टाकल्या, आणि कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडात चमकणारा छोटा आरसा दिसला तिथे, हा याचा डोळा असणार म्हणून, अनामिकेने कुंकू टेकवलं. मी हात जोडून उभी होते.

दुसऱ्या दिवशी डोळा लावला तर सगळीकडे लाल. फोकस कुठेच बसेना.

सरांनी आत बघितलं. ओरडले नाहीत. “हे कुणी केलं?” एवढंच विचारलं. मी सांगितलं. “मी साफ करून देईन. पैसे नकोत. पण जिने केलं तिला घेऊन ये.”

आई ठेवणीतली साडी नेसून आली. सुकटीची पुडी आणली होती, ती तिने काउंटरवर ठेवली. दुकानात सात-आठ माणसं होती. सरांनी पुडी दोन बोटांनी बाजूला सरकवली.

“चुकला आमचा सर,” आई म्हणाली. “आमाला काय म्हाईत. नवी वस्तू हाय, देवाला दावली.”

“आमाला काय म्हाईत!” सरांनी हुबेहूब तिचा आवाज काढला. “आन् लेकीला कॅमेरा पायजे! या, इथून बघा. काय दिसतंय?”

आईने डोळा लावला. “लाल लाल दिसते.”

“ती तुमची भक्ती. तुम्ही गणपतीच्या डोळ्यात बोट घालता का हो?” माणसं हसली. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. सरांना चेव आला. “आणखी काय काय पुजता? मिक्सर? मोबाईल? लेकीचं कॉलेज पुजलंत की नाही?”

“पुजला ना सर,” आई म्हणाली. “पयल्या दिवशी जाऊन गेटाला हळदकुंकू लावून आली.”

दुकान दणाणून गेलं. एकाने टाळी दिली. सर डोळे पुसत म्हणाले, “बाई, तुम्हाला तर रोज आणायला हवं इथे.”

“सर, आईशी असं नका बोलू.”

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. सरांनी दिवा ओढून घेतला, धूळ उडवायचा रबरी फुगा, कापसाच्या बारीक काड्या काढल्या आणि खाली मान घालून काम केलं. आरशावर ओरखडा न येऊ देता त्यांनी कुंकवाचा कण न् कण काढला. तेवढा वेळ त्यांचे हात बघत राहावंसं वाटत होतं. कॅमेरा माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, “झाला.”

“आपट्याला कधी निघायचं सर?”

“तू नाही यायचंस. हळदीत नवरीचा मामा पिऊन तुझ्या अंगावर येईल, नवऱ्याचे मित्र तुझ्या आईवरून बोलतील. तिथे तू ‘असं नका बोलू’ म्हणशील आणि माझं गिऱ्हाईक जाईल. मला कॅमेरा धरणारी पाहिजे. मान धरून बसणारी नको.”

बाहेर आल्यावर आई रिक्षा स्टँडकडे चालू लागली. मग म्हणाली, “कशाला तोंड उघडलास?”

“ते तुला हसत होते, आई.”

“मना कलत नाय? आत पाय ठेवला तवाच कलला. म्हून तर गेटाचा सांगितला. पोटभर हसला का तुला कामाला नेईल, असा वाटला. तू मदीच बोललीस न् समदा घालवलास.”

“मग गेटाचं खरं नव्हतं?”

“तुज्या कालेजाचा गेट मी कदी बगितलाय गं?”

मी फोटोग्राफीचा विषय सोडला. आता सकाळी कॉलेज करते आणि दुपारी न्हावा शेवाला एका यार्डात जाते. परत आलेल्या कंटेनरांना पडलेले पोचे, गंज, फाटलेले पत्रे यांचे फोटो काढायचं काम आहे. सरांनी निवडलेल्या कॅमेऱ्याने त्यात मला कधी दगा दिलेला नाही. माझ्या हाताला तो असा बसतो की धरलाय हे विसरायला होतं.

मागच्या महिन्यात पहिल्या वर्षातली एक मुलगी माझ्याकडे आली. ताई, पहिला कॅमेरा कोणता घेऊ, म्हणाली. मी तिला देवधरसरांच्या दुकानाचा पत्ता दिला. पनवेलमध्ये त्यांच्याइतका नेमका कॅमेरा कुणी निवडून देणार नाही, हेही सांगितलं.

ती खूश झाली. “आईला घेऊन जाते मग. तिला खूप हौस आहे.”

“नको,” मी म्हणाले. “एकटी जा.”