मजकूर दुरुस्त

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण एकदा चहा तोंडात घेतल्यावर हसलात तर माझं धोतर खराब होईल. नोकरीत मी किती कागदांवर सह्या केल्या असतील, देव जाणे. बोटाला घट्टा पडलाय, हा बघा. त्यातल्या एकाही सहीची मला लाज वाटत नाही. फक्त अठरा सोडून! त्या आठवल्या की या वयातही कान गरम होतात.

गोष्ट निजामाच्या अमलातली. बीडच्या एका शाळेत मी कारकून होतो. तोही आरझी, म्हणजे तात्पुरता. या एका शब्दापायी माझा संसार अडकून पडला होता. लग्नाला दीड वर्ष झालेलं, आणि बायको केजला माहेरीच! सासरे स्पष्ट बोलणारे.

"जावईबापू, नोकरी पक्की झाल्याचा कागद दाखवा. दुसऱ्या दिवशी लेक गाडीत बसवतो."

"मामा, होईलच हो आता."

"मग झाल्यावर या."

असा आमचा जिव्हाळा.

त्या साली आमचे इंग्रजीचे मास्तर आजारपणाची रजा टाकून औरंगाबादेला गेले आणि तिकडेच रमले. वर्ग ओस पडला. शाळेचे मुख्य होते मौलवीसाहेब. पांढरीशुभ्र दाढी, फारसीचे गाढे विद्वान, आणि बोलणं इतकं अदबीचं की ते रागावले तरी माणसाने आभार मानून बाहेर पडावं. एका दुपारी त्यांनी मला ओळखीच्या एका वकिलांकडून आणलेलं जुनं इंग्रजी वर्तमानपत्र चाळताना पाहिलं.

"मुन्शीजी, आपको अंग्रेजी आती है?"

"जी, थोडीबहुत."

मी खोटं बोललो का, सांगा! अगदी तेवढीच येत होती. पण मौलवीसाहेबांची स्वतःची रीत अशी, की शेकडो फारसी ओळी तोंडपाठ असूनही कुणी विचारलं तर ते मान लववून "थोडीबहुत आती है" म्हणायचे. त्यांना वाटलं, हा आपल्यासारखाच विनयशील विद्वान! कारकुनीत कुजतोय बिचारा!

"कल से जमात आपकी," ते म्हणाले. म्हणजे उद्यापासून वर्ग माझा! शिवाय पुढच्या महिन्यात मोहतमीमसाहेब, म्हणजे शाळाखात्याचे मोठे साहेब, तपासणीला यायचे होते. पोरांचं इंग्रजी त्यांना पसंत पडलं तर मला 'मुस्तकिल' करा अशी शिफारस मौलवीसाहेब स्वतः करणार होते.

मुस्तकिल! कायम! मला तिथल्या तिथे केजहून निघालेल्या बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो. अठरा पोरं. मी छाती काढून इंग्रजीत विचारलं, "तुझं नाव काय?"

मागच्या रांगेत लिंबागणेशकडचा एक धनगराचा पोरगा होता, बिरू. तो शांतपणे उठला.

"मास्तर, हाजरी तर तुमीच घेता. नाव तुमाला म्हाईत हाय. पुन्हा काऊन इचारता?"

खाली बस म्हणालो.

नेमलेल्या पुस्तकात विलायतेतली एक मुलगी बर्फावर घसरत खेळते, असा धडा होता. बिरू पुन्हा उठला. "मास्तर, बर्फ मंजी काय?"

"गारा पडतात ना? तसंच, जरा जास्त."

"गारा पडाया लागल्या तर ही पोरगी घरात काऊन जाईना? हिला कुनी मोठं मानूस न्हाई का?"

सगळा वर्ग त्या विलायती मुलीच्या काळजीत पडला. धडा तिथेच संपला.

चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी वैतागून मी वकिलांचं ते वर्तमानपत्रच वर्गात नेलं. मुंबईत एक बैल उधळून कापडाच्या दुकानात शिरल्याची बातमी त्यात होती. ती अडखळत वाचून दाखवली मात्र, पोरं टेबलाभोवती गोळा!

"इंग्रजीत बैलाचं बी छापतेत?" हा भगवान, केजच्या देशमुखांचा. डोक्यावर जरीची टोपी असल्यासारखा तोरा, पण पोरगं हुशार.

"छापतात तर!"

"मग आमचा बैल तर पार कचेरीत घुसलता!"

"मग लिही इंग्रजीत!" मी म्हणालो. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वर्गाचा स्वतःचा अखबार काढायचा! भिंतीवर चिकटवायचा! प्रत्येकाने आपल्या गावची बातमी इंग्रजीत आणायची!

मग मी त्यांना अखबाराचे कायदेही शिकवले. कागदावर आलं म्हणजे खरं झालं, असं समजू नका. कुणी पाहिलं? कुठे उभं राहून पाहिलं? दुसरं कुणी पाहिलं का? दोन साक्षीदार पाहिजेत. आणि शेवटी एका जबाबदार माणसाने तपासून सही केल्याशिवाय बातमी भिंतीवर जायची नाही.

"जबाबदार मानूस मंजे कोन?" भगवानने विचारलं.

"मी," मी म्हणालो. तोंडून सहज निघून गेलं हो!

आणि काय सांगू, पोरांना इंग्रजीचं वेडच लागलं. 'माझ्या मामाच्या शेळीने पाटलांचा पटका खाल्ला. मी पाहिलं. मामीने पाहिलं. पाटील रागावले आहेत. शेळीची तब्येत बरी आहे.' अशा बातम्या येऊ लागल्या. एका शब्दासाठी पोरं मधल्या सुट्टीत माझ्या मागे धावायची. मौलवीसाहेब व्हरांड्यातून जाताना थांबून ऐकायचे आणि दाढीवरून हात फिरवत पुढे जायचे. घुंगरांचा आवाज आता केजच्या अलीकडे आला होता.

तपासणीचा दिवस ठरला. मी खास अंक जाहीर केला. विषय : आमची शाळा.

"शाळेत जे दिसतं ते लिहा. मोकळं लिहा. अखबारवाला कुणाला भीत नाही!"

"कुनालाच न्हाई?" बिरू.

"कुणालाच नाही."

"पक्कं?"

"अरे पक्कं म्हणजे पक्कं!"

पुढचे तीन दिवस पोरं फार मन लावून काम करताना दिसली. एक खिडकीच्या गजाला लटकलेला. एक माझ्या टेबलाखाली पडलेली लेखणी शोधतोय, आणि ती काही केल्या सापडत नाही. एक बोटांवर काहीतरी मोजतोय. मला भरून आलं. म्हटलं, काय ही निष्ठा!

तपासणीच्या सकाळी माझी धांदल विचारू नका. सतरंज्या अंथरायच्या, हार आणायचे, हजेरीपट नीट लावायचे. त्यात टेबलावर अठरा कागद येऊन पडले. आता कारकुनाच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा आला की डोकं कुठेही असो, हात आपला चालू होतो. आमच्या कचेऱ्यांत प्रत्येक कागदाखाली एक शेरा मारायची रीत होती : 'मुलाहिजा केला. मजकूर दुरुस्त.' म्हणजे तपासून पाहिलं, लिहिलेलं खरं आहे. अठरा कागद, अठरा शेरे, अठरा सह्या. एका कागदावर 'मास्तर' या शब्दाचं पहिलं अक्षर इंग्रजीत धाकटं काढलं होतं, ते मी लाल शाईने थोरलं केलं. मान राखायला नको का? पण त्या शब्दाच्या मागेपुढे काय लिहिलंय, हे बघावं असं मनातसुद्धा आलं नाही. कारकून अक्षर बघतो. मजकूर वरचे साहेब बघतात!

आणि वरच्या साहेबांनी बघितला.

मोहतमीमसाहेब उंचेपुरे, काळी शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी, इंग्रजी पाण्यासारखं. वर्गात शिरले ते थेट भिंतीवर चिकटवलेल्या अखबारापाशी गेले. पहिला कागद वाचला. दुसरा वाचला. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी छाती आणखी पुढे काढली. तिसरा वाचला. पुन्हा पाहिलं.

"ये दस्तखत किसके हैं?"

"मेरे, हुजूर!"

"सारे?"

"सारे, हुजूर! एक एक कागज देखा है मैंने!"

"अच्छा? तो जरा पढ़िए."

मी खणखणीत आवाजात वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीपर्यंत आवाज खणखणीत होता. त्या इंग्रजीचं मराठी असं :

'आमच्या नव्या मास्तरांना इंग्रजी फार येत नाही. ते मांडीवर डिक्शनरी लपवून ठेवतात. मी टेबलाखाली जाऊन पाहिलं. भगवानने खिडकीतून पाहिलं.' खाली बिरूचं नाव. त्याखाली 'मुलाहिजा केला. मजकूर दुरुस्त.' आणि त्याखाली माझी वळणदार सही.

"आगे?" साहेब म्हणाले.

'कठीण शब्द विचारला की मास्तर खोकतात. सोमवारी चार वेळा खोकले. मंगळवारी सहा वेळा. त्यांना खोकला झालेला नाही.' मजकूर दुरुस्त. सही.

मला त्याच क्षणी खोकला आला. खराखुरा! पण आता कोण विश्वास ठेवणार? पोरं बोटांवर मोजायला लागली.

'मौलवीसाहेब तिसऱ्या तासाला झोपतात. ते फार चांगले आहेत, म्हणून आम्ही तेव्हा हळू बोलतो.' मजकूर दुरुस्त. सही.

मौलवीसाहेबांनी मान लववली. "दुरुस्त है, हुजूर," ते म्हणाले. काय तो माणूस!

अठरापैकी अकरा बातम्या माझ्यावर होत्या. सगळ्या दोन साक्षीदारांच्या. साहेबांनी बिरूला उभं केलं आणि इंग्रजीत विचारलं, हे सगळं खरं कशावरून?

बिरू छातीवर हात ठेवून म्हणाला, "सर, आय सॉ. भगवान सॉ. मास्तर साइन!"

साहेब इतके हसले की रुमी टोपीचा गोंडा पुढे येऊन डोळ्यावर लोंबायला लागला. मग रुमालाने डोळे पुसत मौलवीसाहेबांना म्हणाले, की सगळ्या शाळांत पोरं पाठ केलेलं म्हणून दाखवतात. स्वतः बघून, खात्री करून, स्वतःच्या डोक्याने इंग्रजी लिहिणारी पोरं आज प्रथमच पाहिली. "बच्चे तो अव्वल हैं. और मास्टर?"

मौलवीसाहेब मला वाचवायला शब्द शोधत होते. हाती लागला तो बोलले.

"मास्टर थोडेबहुत हैं, हुजूर."

साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी हुकूम सांगायला सुरुवात केली. या इसमाकडून इंग्रजीचा वर्ग ताबडतोब काढून घ्यावा. औरंगाबादेहून नवा मास्तर पाठवण्यात येईल. माझ्या डोळ्यांपुढे सासऱ्यांनी गाडीचे बैल सोडले, वैरण टाकली आणि लेकीला घरात घेऊन कडी लावली.

"लेकिन," साहेब म्हणाले, "जो माणूस स्वतःविरुद्धच्या अकरा तक्रारींवर एक अक्षर न वाचता 'मजकूर दुरुस्त' लिहून सही ठोकतो, तो कचेरीसाठीच जन्माला आलाय. अशी माणसं शोधून सापडत नाहीत. यांना कारकून म्हणून मुस्तकिल करा."

हसा, हसा! पण कायम झालो की नाही?

हुकमाची नक्कल त्याच दिवशी केजला रवाना केली. आठेक दिवसांनी बिरू आणि भगवान माझ्या टेबलापाशी आले. हातात ताज्या बातमीचा कागद.

"मास्तर, नवे मास्तर सही देईनात. मनतेत, मला यातलं काय म्हाईत न्हाई. तुमीच करा."

बातमी इंग्रजीत होती. 'आमचे इंग्रजीचे मास्तर काढले. आता ते कायमचे कारकून आहेत. मुलांना आनंद झाला आहे. मास्तरांनाही झाला आहे. त्यांची बायको केजहून निघाली आहे.'

"बायकोचं तुम्हाला कुणी सांगितलं रे?"

"काल गावाकडं गेलतो," भगवान म्हणाला. "तुमच्या सासऱ्यांना गाडी जुपताना म्या सोता पाह्यलं. माज्या आईनं बी पाह्यलं."

मी टाक उचलला, दौतीत बुडवला, आणि थांबलो. या वेळी मात्र आधी वाचलं. एकदा नव्हे, तीनदा. खोडावं असं एकही वाक्य सापडेना.

मुलाहिजा केला. मजकूर दुरुस्त. सही.