जॉर्जच्या नावाची प्रार्थना

बॅलनाशीचा जमीनदार डुगल्ड ओगिल्वी चोविसाव्या वर्षी राजगादीवर हक्क सांगणाऱ्या स्ट्युअर्ट राजपुत्रासाठी लढायला गेला आणि मांडीत गोळी घेऊन परतला. पुढची बेचाळीस वर्षं लंडनच्या गादीवरच्या कुठल्याही जॉर्जला त्याने राजा म्हटलं नाही. निष्ठेची शपथ घेईना म्हणून मानपान गेला, निम्मी जमीन गेली, लग्न राहूनच गेलं. घर धाकटी बहीण ग्रिझेल सांभाळायची.

मग रोमहून बातमी आली, तिथे परागंदा होऊन राहिलेला राजपुत्र वारला. पाठोपाठ पाद्री इनेस दारात येऊन उभा राहिला.

"बिशपांचं ठरलंय, बॅलनाशी. रविवारपासून प्रार्थनेत राजा जॉर्जचं नाव घ्यायचं."

"माझ्यादेखत?"

"मला काय हौस आहे? पण आता नाव घ्यायला दुसरं उरलंय तरी कोण?"

रविवारी डुगल्ड ग्रिझेलबरोबर चर्चमध्ये गेला. नाव आलं की उठून चालतं व्हायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. नाव आलं, पण गुडघे टेकून बसलेला त्याचा पाय पार बधिर झाला होता.

"ग्रिझेल, हात दे."

"नाही."

"अगं, उठायचंय मला!"

"दिसतंय. बस खाली."

सगळी प्रार्थना त्याला तशीच ऐकावी लागली.

घरी जाताना चढावर दम लागून तो वाटेकडेच्या दगडी गडग्याला टेकला. "चारचौघांत अडकवलंस मला."

"आणि मी किती वर्षं अडकलेय?" ग्रिझेलच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "रॉबर्ट तुझ्या शब्दावर लढायला गेला, तो परतलाच नाही. माझं लग्न ठरलं होतं त्याच्याशी. तू रोज तुझ्या त्या राजपुत्राच्या नावाने पेला उचललास. त्याचं नाव एकदा तरी घेतलंस?"

डुगल्डने आठवून पाहिलं. घेतलं नव्हतं.

"मीच त्याला म्हणालो होतो," तो खाली बघत म्हणाला, "दोन महिन्यांत परत येऊ."

"ठाऊक आहे. दारातच उभी होते मी."

त्यानंतरही तो दर रविवारी जायचा. जॉर्जच्या नावाला 'आमेन' मात्र त्याने कधी म्हटलं नाही. पुढच्या हिवाळ्यात तो वारला. तोवर जेवताना मधूनच विचारायचा, रॉबर्टचा घोडा कुठल्या रंगाचा होता गं? रॉबर्ट गायचा का? कधी ती सांगायची, कधी "विसरले मी" म्हणायची.