मीटर उतरत होता, दांडी तापत होती

तर काल सांगता सांगता आपली सुरभी त्या काळ्या काचेपाशी येऊन थांबली होती ना? तिथूनच धरू.

सुरभी म्हणजे माझी नातसून. माहेर पेणचं, बारा वर्षं गणपती रंगवलेले. आता वरसे गावाजवळच्या एका छोट्या कंपनीत जाते. उपग्रहाला आकाशात ढकलणारं इंजिन तिथं लोखंडी टाकीत तपासतात. टाकीतली हवा काढून टाकलेली. इंजिनातली टंगस्टन धातूची दांडी, इलेक्ट्रोड म्हणतात तिला, अशी तापते की थर्मामीटर टेकवला तर तोच वितळायचा! म्हणून टाकीच्या खिडकीतून, तिच्या उजेडावरून, मीटर लांबूनच आकडा सांगतो. सुरभीनं तो लिहायचा. तिसराच आठवडा, नोकरी अजून कच्ची.

त्या दिवशी आकडा उतरायला लागला. चोवीसशे, तेवीसशे, बावीसशे. शिफ्टचा मुख्य प्रविण, आमच्याच आळीतला. दांडी थंड पडतेय असं समजून तो करंट वाढवत गेला.

उजेड सोसावा म्हणून डोळ्यांसमोर काळी काच धरून सुरभीनं खिडकीत पाहिलं. दांडी मंद दिसत होती खरी, पण मघाची हळदी पिवळी आता पांढरट झाली होती.

"भावजी, ती थंड नाय होत. तापतेय."

"मीटर काय खोटा बोलतो, वहिनी? हितं मूर्त्या नाय रंगवायच्या."

"पिवळा रंग अंधारात नेला तर मंद होतो, पांढरा नाय होत. खिडकीच्या काचेवर आतून कायतरी बसलंय."

प्रविणनं पुन्हा करंट वाढवला. दांडी वितळून तिचा थेंब खालच्या गार पाण्याच्या नळीवर पडला आणि नळी फुटली असती, तर वाफेनं ती खिडकी दोघांच्या तोंडावर आली असती. आणि चाचणी बंद करून सुरभी चुकली असती, तर चार महिन्यांचं काम वाया गेलं असतं आणि नोकरीही गेली असती.  तिनं हात पुढं करून सगळं बंद करणारं लाल बटण दाबलं.

टाकी गार झाल्यावर उघडली. खिडकीच्या आतल्या बाजूला धातूच्या वाफेचा राखाडी थर! उजेडच अडला, म्हणून मीटर फसला. दांडीचं टोक मेणासारखं वाकलेलं. प्रविण मटकन खाली बसला.

आता दोन रंगांचा उजेड ताडून पाहणारा, काच मळली तरी न फसणारा मीटर येणार आहे म्हणे. पण तोवर जुन्यावरच काम, आणि खिडकीपाशी हिलाच बसवलंय.

ती घरी आल्यावर मी मांडीवर थाप मारली. "शाब्बास गो! वाघीण निघालीस!"

सुरभी म्हणाली, "वाघीण कसली, आजोबा? हात बघा, अजून कापतोय. उद्या सकाळी परत तिथंच बसायचं हाय."