कोरडा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणं जमेल असं वाटतंय — जमेल का, ते शेवटीच कळेल.

मी हिशोबी माणूस. पाटोद्यात आमच्या गल्लीत कुणी इन्व्हर्टर घ्यायचा म्हटला की आधी मला विचारायचे. मी मीटर घेऊन जायचो. पाणी तापवायचा रॉड — दोनशे तीस व्होल्ट, साडेसहा अँपियर. गुणाकार केला की वॅट, जवळपास दीड हजार. भागाकार केला की रोध, पस्तीस ओहम. सगळं तोंडी. बघणारे तोंडाकडे बघत राहायचे आणि मला ते आवडायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या आवडण्यातूनच आलं.

दादाचं घर आमच्या शेजारीच, मध्ये एक भिंत. त्याच्या ओसरीत पत्र्याचा कूलर होता. पाणी भरायचं काम वहिनींचं. ड्रममध्ये कळशी बुडवायची, मागची जाळी सरकवायची, ओतायचं. दर वेळी त्या आधी आत जाऊन बटण बंद करायच्या, आणि तेवढ्यात दादा घामाघूम होऊन ओरडायचा. वहिनी म्हणायच्या, पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात.

एका दुपारी दादानं मला हाक मारली. "ये बे, हिच्या डोक्यातलं खूळ काढ एकदाचं."

मी मोजलं. पत्रा आणि फरशी यांच्यामध्ये नव्वद व्होल्ट. मग मीटरच्या दोन्ही पिना चिमटीत धरून स्वतःच्याच अंगाचा रोध बघितला — तीन लाख ओहम. नव्वद भागिले तीन लाख. मिलिअँपियरचा एक तृतीयांशसुद्धा नाही.

"वयनी, एवढ्या करंटनं मुंगी बी मरायची न्हाई."

"आवो भावजी, पर माज्या हाताला कळतंय की."

"हात हाय का मीटर?"

सगळे हसले. दादा, माझी बायको, दादाचा गणेश — तो तेव्हा कॉलेजात होता. पदर तोंडाला लावून वहिनीही हसल्या.

घरी आलो आणि काहीतरी खुपायला लागलं. माझी बोटं कोरडी होती. आता तुम्हीच सांगा — ड्रममध्ये कळशी बुडवणाऱ्या बाईचे हात कोरडे असतात का? पाय कोरडे असतात? घरात कुणी नव्हतं. मी स्टीलचे दोन पेले घेतले, त्यांना मीटरच्या वायरी लावल्या, हात पाण्यात भिजवले आणि पेले मुठीत घट्ट धरले. तीन हजार. व्होल्ट तेवढेच, फक्त भाजक बदलला — आणि उत्तर आलं तीस मिलिअँपियर. एवढा करंट लागला की धरलेली मूठ सुटत नाही. सवयीनं शक्तीही काढली. तीन वॅटसुद्धा नाही. शून्याच्या बल्बाहून कमी.

भिंतीपलीकडे जायला किती वेळ लागला असता?

मी गेलो नाही. नुकते सगळे हसले होते ना — त्यांच्यापुढे परत जाऊन काय म्हणायचं? म्हणून ठरवलं, रविवारी दादाकडे अर्थिंगचा खड्डा घ्यायचा, कूलरला वायर जोडायची, आणि फ्रीजसाठी करतोय असं सांगायचं. कूलरही नीट होईल आणि माझा भागाकारही शाबूत राहील. इथपर्यंत त्याला कुणी आळस म्हणेल, फुशारकी म्हणेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत उभा होतो आणि वहिनी भिंतीवरून बोलल्या, "भावजी, बटण बंद करायचं सोडलं बगा मी. मुंगी बी मरत न्हाई म्हणलात ना?"

मी काय करायला हवं होतं? एक शब्द. 'नका' — एवढाच.

मी मान हलवली. हो म्हणून.

रविवार उजाडायच्या आधीच झालं. दादा शेतात होता, गणेश कॉलेजात. कळशी पडल्याचा आवाज मीच आधी ऐकला. मीच जाऊन बटण बंद केलं. पत्र्यावर त्या वेळी किती व्होल्ट होते, मला माहीत नाही. नंतर मोजायची छाती झाली नाही, म्हणून इथे आकडा सांगत नाही.

दारात माणसं जमली. कसं झालं, विचारू लागली. मी म्हणालो, "बटण चालूच होतं." त्यात खोटा शब्द एकही नाही. दादा कपाळ बडवत होता — "रोज बंद करायची, आजच कशी इसरली?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आपण तिच्या भीतीला खूळ म्हणालो, हेच त्याच्या मनाला अजून खातंय, आणि मी ते खाऊ देतो.

वहिनी विसरल्या नव्हत्या. त्यांनी माझं ऐकलं होतं. आणि माझं चुकलंय हे मला तेव्हा माहीत होतं.

गणेशचं आता लग्न झालंय, त्यानं फायबरचा कूलर घेतलाय. तरी दर उन्हाळ्याच्या तोंडाला तो मला बोलावतो, मीटर लावायला लावतो. मी मोजतो, आकडा सांगतो. मग तो बायकोला हाक मारून माझ्यादेखत बजावतो, "आधी बटण, मग पाणी. आमची आई इसरली अन् गेली. व्हय ना काका?"

मी मान हलवतो. मीटरच्या वायरी गुंडाळतो. त्याची बायको चहा आणते, तो मी पितो.